तिसरा ब्रेक

आमच्या यार्डात किस्से सांगायला म्हणून कुणी बसत नाही. बस धुवायला लावलेली असते, एखादा टायर उतरवलेला असतो, पुढच्या शिफ्टला अर्धा तास असतो, आणि कुणीतरी सहज म्हणतं, "त्या दिवशी काय झालं माहितेय का?" झालं! मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चहा संपेपर्यंत चार जण आपापला किस्सा घेऊन रांगेत उभे. अशी वर्षं गेली की माणसाकडे ढीग साचतो. माझ्याकडेही साचलाय. वरवरचे सांगायला मजा येते, म्हणून मी नेहमी तेवढेच सांगतो. आज सगळे सांगतो.

मी मूळचा शिरपूरकडचा. सुरतेत आलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती, आता तिच्यात पांढरं दिसायला लागलंय. आमच्या कंत्राटदाराच्या तीस बसेस आहेत. कोसाड, उधना, कडोदरा इथून कामगार उचलायचे आणि हजिऱ्याच्या कारखान्यांत सोडायचे, शिफ्ट सुटली की परत आणायचे. या बसेसमध्ये जे वायरलेस डबे बसवले, ते सांभाळायचं काम माझं. म्हणून ड्रायव्हर लोकांनी माझं नावच पाडलं, सेन्सर. माझं खरं नाव यार्डात आता पगाराच्या कागदावरच उरलंय.

*

डब्याचं काम सोपं. एक वायर ब्रेकच्या पेडलला. पुढच्या बसने जोरात ब्रेक दाबला की तिचा डबा हवेतून मागच्या बसला कळवतो, आणि मागच्या डब्यातली बाई बोलते, "आगे ब्रेक, संभलके!" धुकं असो, वळण असो, मागच्याला डोळ्यांनी दिसायच्या आधी कानाला कळतं.

हे शिकवायला बंगळूरहून एक इंजिनियर आला होता. पोरगेलासा, फार चांगला मुलगा. म्हणाला, यापुढे गाड्या आपसात बोलतील. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर भटूआप्पा पहिल्या रांगेत बसले होते. पारोळ्याचे, सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर, एक ओरखडा नाही. त्यांनी हात वर केला.

"ज्यासनाकडे डबा नही, त्यासनं काय?"

मी हिंदीत सांगितलं. ज्यांच्याकडे डबा नाही त्यांचं काय, असं विचारतायत. इंजिनियर हसला, म्हणाला, हळूहळू सगळ्याच गाड्यांत येणार आहे. आप्पांनी विचारलं, तोवर? त्याने घड्याळ बघितलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

*

पहिला महिना मात्र धमाल! आप्पांची बस पुढे आणि केवलची मागे, अशी रोजची जोडी. केवल नंदुरबारचा, पस्तिशीतला, राहायला कोसाडला. आप्पा त्याला पोरासारखं वागवायचे. हजिरा रोडला मोकळा पट्टा लागला की आप्पा एक सणसणीत ब्रेक मारायचे. मागे केवलच्या बसमध्ये बाई ओरडायची, "आगे ब्रेक!" तो आप्पांचा राम राम!

आता केवलला जय भीम करायचा असायचा. पण डबा मागेच बोलतो, पुढे नाही. मग काय, केवल ओव्हरटेक करून आप्पांच्या पुढे जायचा आणि तिथून एक ब्रेक मारायचा. झाला जय भीम! दोघं खूश.

खूश नव्हते ते आतले. पहिल्या शिफ्टचे कामगार बसमध्ये झोपतात. बस सुटल्यापासून कारखान्याचं गेट येईपर्यंत तेवढीच काय ती त्यांची राहिलेली झोप. एक दिवस गेटवर एक फिटर कपाळ चोळत उतरला आणि आमच्या मॅनेजरला म्हणाला, "साहेब, राम राम हे दोघं करतात, टेंगूळ आम्हाला येतं!"

*

मॅनेजर म्हणजे जिग्नेशभाई. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. तक्रार आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "आ ब्रेक आपणने ऑफिसमां देखाय?" म्हणजे डबा जे मागच्या बसला सांगतो, तेच ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही सांगेल का?

कुणाला काय विचारलं जातंय ते त्या वेळी कळत नाही. मला वाटलं, माझी हुशारी दाखवायची संधी आली. सांगायचं तर कितीतरी होतं. डबा फक्त ब्रेक सांगतो, का मारला ते सांगत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी छाती काढून म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे."

सात मिनिटांत झालं.

*

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर यादी लागायला लागली. कुणी जोरात ब्रेक मारला, कुठे, किती वाजता. महिन्यात तीन झाले की आठ दिवस बस बंद, आणि त्याची बस दुसऱ्याला. एकदा रूट गेला की परत मिळेलच असं नाही.

पहिलं नाव कुणाचं असावं? भटूआप्पांचं! राम राम नव्हे, तो तर त्यांनी तक्रार आली त्याच दिवशी बंद केला होता. अमरोलीच्या पुलाजवळ एक बाई डोक्यावर टिकल्या लावायच्या साड्यांचं गाठोडं घेऊन एकदम आडवी आली. आप्पांनी ब्रेक मारला, बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि ती आप्पांनाच चार शिव्या हासडून गेली.

आप्पांनी चष्मा लावून यादी वाचली. मग मला विचारलं, यात बाईचं कुठे लिहिलंय?

मी म्हटलं, "आप्पा, त्याला रकाना नाही."

"मंग ती मरी जाती, तं तिन्हं नाव लिखाले रकाना व्हता का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रकाना खरंच होता. अपघाताचा रकाना मी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता.

*

माणूस कशालाही शिकतो. महिन्याभरात सगळे ड्रायव्हर ब्रेक न मारता बस चालवायला शिकले. समोर काही दिसलं की आधी हॉर्न. मग पाय सोडायचा, गिअर टाकून इंजिनाला रडवायचं. तरी नाहीच जमलं तर स्टिअरिंग मारून बाजूने काढायची. कडोदऱ्याच्या रूटवरचा एक जण तर म्हणायचा की आता रस्त्यावर त्याला तीनच पर्याय दिसतात, डावीकडून, उजवीकडून आणि देवाकडून!

त्याच्या पुढच्या महिनाअखेरीला यादी कोरी. तीस बसेस आणि एकही ब्रेक नाही. जिग्नेशभाईंनी अख्ख्या यार्डाला लोचो खिलवला, वर शेव भुरभुरून. मला स्टेजवर बोलावून भिंतीवरचं घड्याळ दिलं, फोटो काढला. आप्पा मागे उभे होते. त्यांनी लोचो घेतला, पण खाल्ला नाही, गुपचूप दुसऱ्याच्या ताटलीत टाकला. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी जिग्नेशभाईंनीच मला विचारलं, "आपले डबे हल्ली बोलतच नाहीत. बिघडले तर नाहीत ना?"

मी तीसच्या तीस बसेस तपासल्या. एकही डबा बिघडलेला नव्हता.

*

पुढच्या महिन्यात पहिल्या दहा दिवसांतच केवलचे दोन झाले. एक कुत्र्यासाठी, एक रिक्षावाल्यासाठी. तिसरा झाला की कोसाडचा रूट जाणार. हा रूट मिळायला त्याने चार वर्षं वाट बघितली होती. त्याआधी तो बाहेरगावच्या मालट्रकवर होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी. मुलगी त्याला काका म्हणायची, हे तो हसत सांगायचा, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याला चालत नसे. आता मुलगी सहा वर्षांची होती आणि रोज संध्याकाळी शेवटच्या स्टॉपवर त्याची वाट बघत उभी असायची.

एकदा त्याच्या डब्याची वायर सैल होती म्हणून मी त्याच्या शेजारी बसून गेलो. पालचा स्टॉप मागे पडल्यावर एक सायकलवाला समोर आला, मागे कॅरिअरला गॅसची शेगडी बांधलेली. केवलने हॉर्न दाबून धरला आणि बस त्याच्या इतक्या जवळून काढली की शेगडीचा कोपरा बघायला मला खिडकीतून खाली वाकावं लागलं. त्याचा पाय ब्रेकवर आला होता. मी बघत होतो. आला, टेकला, आणि उचलला.

मी ओरडलो, अरे दाब ना!

तो म्हणाला, "सेन्सरभाई, ब्रेक आहे रे. पण तो आता माझा राहिला नाही."

त्याच दुपारी मी जिग्नेशभाईंकडे जायचं ठरवलं. गेलोसुद्धा. केबिनमध्ये दुसऱ्या कंपनीचे दोन पाहुणे बसले होते आणि जिग्नेशभाई त्यांना आमची यादी दाखवत होते. मला बघून उठले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ही सगळी कमाल याची. पाहुण्यांनी माझ्याशी हात मिळवला. एकाने नंबरही घेतला. मी काय सांगायला आलो होतो, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाहेर येऊन मी स्वतःला म्हटलं, उद्या बोलू.

*

उद्या नाही, पण त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी, पहिल्या शिफ्टला, हजिरा रोडवर केवलची बस रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून आदळली. ट्रेलरवर लोखंडाच्या कॉइल होत्या. केवल जागच्या जागी गेला. आत कामगार होते, कुणाचे हात मोडले, कुणाचे दात. जीव मात्र त्याचा एकट्याचाच गेला.

मागून आप्पांची बस येत होती. तिथल्या पुलाचा चढ चढताना पलीकडचं दिसत नाही, नेमकं त्यासाठीच तर डबे होते. केवलने ब्रेक मारलाच नव्हता, म्हणून त्याच्या डब्याने काही कळवलं नाही, आणि नंतर कळवायला डबा उरला नाही. आप्पांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि उभे राहून ब्रेक दाबला. बस केवलच्या बसच्या मागे चार हात अंतरावर थांबली. खाली उतरून तेच पहिले केवलपर्यंत पोचले. तिथलं काय ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

पोलिसांनी रस्ता बघितला, टायर घासल्याची खूण नव्हती. ऑफिसात चौकशी झाली. मला एकच प्रश्न विचारला, रेकॉर्डमध्ये ब्रेक दिसतो का? मी म्हणालो, नाही. मग ठरलं, ड्रायव्हरला झोप लागली. बसमधले सगळे झोपेत होते, त्यामुळे नाही म्हणणारं कुणीच नव्हतं.

आणि आता ते सांगतो जे मी तेव्हा सांगितलं नाही. डबा नुसता ब्रेक पाठवत नाही, बस कुठे आहे आणि किती वेगात आहे हेही ऑफिसच्या कॉम्प्युटरला सतत पाठवतो. अपघाताच्याच संध्याकाळी मी त्या रेकॉर्डचा शेवटचा तुकडा उघडून बघितला होता. वेग थोडा उतरलेला, म्हणजे पाय सोडलेला. बस आधी जरा उजवीकडे, मग एकदम डावीकडे. झोपलेला माणूस अशी गाडी नेत नाही. समोर काहीतरी आलं होतं. गाय असेल, रॉंग साइडने आलेली मोपेड असेल, पायी चालणारं कुणी असेल. ते काय होतं हे डब्याला कळलं नाही, कारण त्याच्याकडे डबा नव्हता. केवलने त्याला वाचवलं.

हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ब्रेक का नाही मारला? त्याचं उत्तर फळ्यावर लागलेलं होतं, आणि तो फळा माझा होता. म्हणून गप्प बसलो. भीतीच वाटली, दुसरं काही नाही.

*

यादी मशीनच काढतं, तिला कोण मेलं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी छापून आली. एकच नाव. भटूआप्पा, हजिरा रोड, हार्ड ब्रेक.

जिग्नेशभाईंनी ती बघितली. मग मला म्हणाले, आप्पांचं नाव काढ, आत्ताच्या आत्ता. मी कॉम्प्युटर उघडला, त्या ओळीवर गेलो, एक बटण दाबलं. पुसली गेली. नवीन कोरी यादी छापून फळ्यावर लावली.

आप्पा आले. फळ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, त्यांचं नाव परत लिहायचं.

मी म्हटलं, आप्पा, साहेबांनीच काढायला सांगितलंय, तुमची काही चूक नाही.

"मी ब्रेक मारेल शे," आप्पा म्हणाले. "लिख."

मी लिहिलं. हाताने, पेनने. आप्पांनी बसची चावी टेबलावर ठेवली आणि पारोळ्याला निघून गेले. त्यानंतर यार्डात आलेले नाहीत. जिग्नेशभाईंनी त्या दुपारी फळा उतरवला. यादी बंद झाली. या वेळी लोचो आला नाही.

*

केवलचं घर कोसाडच्या ज्या गल्लीत, त्याच गल्लीतले चौघे त्याच्या बसमध्ये होते. एकाचा हात अजून प्लॅस्टरमध्ये. झोपून गाडी चालवली आणि आमचं वाटोळं केलं, असं ते नळावर, दुकानात, सगळीकडे बोलत होते. बोलणारच, त्यांना तेवढंच माहीत होतं. केवलची बायको रेखावहिनी पाणी भरायला खालच्या गल्लीत जायला लागली, असं मला कळलं. मुलगी शाळेत जाईना, कारण कुणीतरी पोराने तिला तेच ऐकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी तो शेवटचा तुकडा कागदावर काढला, सही केली आणि आधी पोलीस चौकीत देऊन आलो, म्हणजे नंतर मला शेपूट घालता येऊ नये. मग कोसाडला गेलो.

वहिनी दारातच गहू निवडत बसली होती. मी बसायच्या आधी शेजारच्यांना हाक मारली. प्लॅस्टरवालाही आला. सगळ्यांसमोर मी कागद पसरला. बस इथे उजवीकडे गेली, इथे डावीकडे, हे बघा, पाय इथे सोडला. तो जागा होता. शेवटपर्यंत जागा होता आणि त्याने कुणाला तरी वाचवलं. चौकशीत मी हे सांगितलं नाही, ती चूक माझी.

प्लॅस्टरवाला कागदाकडे बघत राहिला. त्याने विचारलं, मग ब्रेक का नाही मारला?

मी सांगितलं. यादी, तीनचा नियम, केवलचे झालेले दोन, सगळं. ती यादी कुणी सुरू केली तेही सांगितलं. कुणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हात उचलला नाही. तो माणूस उठला, वहिनीसमोर उभा राहिला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि घरी गेला. बाकीचेही गेले.

वहिनीने सूप बाजूला ठेवलं. कागद उचलून मांडीवर घेतला आणि त्या रेषेवरून बोट फिरवलं. रडली नाही. ती जळगावकडची, माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायची.

"दोन झाले म्हणून त्याला झोप लागत नव्हती," ती म्हणाली. "मला म्हणायचा, महिना संपू दे फक्त."

तिने कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, त्यातला एखादा पुसता येत नव्हता का?"

मी म्हटलं, "येत होता."